गौसियाची राखण

मसुऱ्याच्या बागव्यांच्या घरात समुद्रावर पोट भरणारा माणूस भिकाजीच्या आधी कुणी झाला नव्हता. भात, नाचणी, घरामागची काजूची बाग आणि आंगणेवाडीच्या जत्रेला येणारे पाहुणे, एवढ्यात त्या घराचं वर्ष सरायचं. समुद्र यायचा तो मासळीवालीच्या पाटीतून. भिकाजी दहावी झाला, थोडे दिवस शेतात राबला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून कस्टमच्या भरतीला जाऊन उभा राहिला. शिपाई म्हणून चिकटला, यथावकाश हवालदार झाला आणि नोकरीची शेवटची सगळी वर्षं त्याने सडेबंदराच्या चौकीवर काढली.

विजयदुर्गाकडे जाणारा रस्ता सोडून एक फाटा कातळावरून खाली उतरतो आणि खाडीच्या तोंडाशी संपतो, तिथे सडेबंदर. एक धक्का, एक मशीद, मारुतीचं देऊळ, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि पत्र्याच्या छपराची कस्टमची चौकी. चौकीत इन्स्पेक्टर साहेब, भिकाजी, एक दुर्बीण आणि भिंतीवर होड्यांचे नंबर लिहिलेला फळा.

कस्टममध्ये आहे म्हटलं की मसुऱ्यात लोक डोळे मिचकवायचे. सोन्याची बिस्किटं, परदेशी घड्याळं, असलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं. भिकाजीच्या बायकोला, तुळसाला, शेजारणी विचारायच्या, "तुझ्या घोवान काय हाडल्यान गो यंदा?"

"रेती," तुळसा सांगायची. "पँटीच्या खिशातसून."

ते खरंच होतं. भिकाजीची नोकरी म्हणजे सकाळी उठून किनारा चालायचा. लाटांनी रात्रीतून काय आणून टाकलंय ते बघायचं. प्लास्टिकचं पिंप असेल, तर त्यात काय आहे ते बघून कळवायचं. ओळख नसलेली होडी दिसली, तर तिचा नंबर बघायचा, माणसं कुठली ते विचारायचं. बाहेरदेशचा माल कर न भरता कुठून आत येतो, तर अशाच लहानशा खाड्यांतून, हे त्याला भरती झाला तेव्हाच शिकवलं होतं. मोठ्या बंदरांवर यंत्रं असतात, कंटेनर उघडणारे अधिकारी असतात. सडेबंदरावर भिकाजी होता.

खात्याची गस्तीची बोट वर्षातले बरेच दिवस दुरुस्तीला असायची. मग नुरुद्दीनची होडी घ्यायची. नुरुद्दीन सडेबंदरातलाच. बापजाद्यांपासून समुद्र. त्याची होडी 'गौसिया' त्याने स्वतः सुतारांच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतली होती, आणि तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पहिलं तेल त्याच्या बायकोने, रहिमाने, लावलं होतं. त्यांना मूल एकच, नाझनीन. ती लग्न होऊन बांद्याला गेली. त्यानंतर त्या घरात बोलायला दोघंच उरली, आणि भिकाजीचं तिथे जाणंयेणं वाढलं. मसुऱ्याला जायला आठवड्याची सुट्टी मिळेपर्यंत हाताने शिजवलेलं खाणाऱ्या माणसाला रहिमा अधूनमधून कालवणाचा डबा पाठवायची. ईदला ती सांदणं करायची आणि पहिलं पान चौकीवर यायचं.

समुद्रात चालणाऱ्या चोरट्या डिझेलची गोष्ट भिकाजीला पहिल्यांदा कळली ती नुरुद्दीनकडूनच. लांब पाण्यात परदेशी जहाजं उभी राहतात, तिथून होड्या डिझेल भरून आणतात आणि किनाऱ्यावर निम्म्या दरात विकतात.

"आमी पंपार जावन भरतंव, कर भरतंव," नुरुद्दीन म्हणाला होता. "आणि हे फुकटातला तेल जाळून आमच्या आधी बांगडो मारतत. मगे आमी खंय जावचा? तुमचा खाता कित्याक आसा मगे?"

भिकाजीने ते साहेबांना सांगितलं होतं. साहेबांनी वर कळवलं होतं.

पुढे नुरुद्दीनचे गुडघे गेले. होडीत चढायला दोन माणसांनी धरावं लागू लागलं, तेव्हा त्याने गौसिया भाड्याने दिली. वरच्या बाजूच्या एका बंदरातला देवेश नावाचा माणूस होता, बोलायला गोड. मिळेल त्या मासळीतला वाटा मालकाला, असं ठरलं. त्या दिवसापासून नुरुद्दीन रोज सकाळी काठी टेकत धक्क्यावर यायचा आणि आपली होडी परत येईपर्यंत उभा राहायचा. वाट्याचे मासे तर रहिमाही घेऊन आली असती. त्याला होडी बघायची असायची. कोण कशी लावतो, नाळ कुठे घासते, यावर त्याचं बारीक लक्ष.

थंडीतल्या एका सकाळी भिकाजी दुर्बीण घेऊन चौकीच्या पायरीवर उभा होता. होड्या एकामागून एक खाडीत शिरत होत्या, आणि प्रत्येकीच्या मागे घारी आणि पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. सगळ्यांच्या मागून एक होडी आली. ती पाण्यात चांगली बुडालेली होती, म्हणजे माल भरपूर. पण तिच्या मागे एकही पक्षी नव्हता.

भिकाजीने दुर्बीण खाली घेतली. मग पुन्हा लावली. नाळेवरची हिरवी अक्षरं त्याला वाचावी लागली नाहीत.

त्या वेळी त्याच्या मनात काय आलं ते पुढे तुळसाने त्याला बरेचदा विचारलं. काही आलं नाही, असंच तो सांगायचा. पाय आपोआप आत गेले. आत मितेश साहेब चहा पीत होते. मितेश साहेब जळगावकडचे, वयाने भिकाजीच्या थोरल्या मुलापेक्षाही लहान, पण माणूस सरळ. भिकाजी म्हणाला, "साहेब, एक होडी बघायला लागेल."

मासे ठेवायच्या कप्प्यात बर्फाखाली डिझेलची पिंपं निघाली. देवेश आणि त्याची दोन माणसं खाली मान घालून उभी राहिली. धक्क्यावरून नुरुद्दीन ओरडत होता, "काय झाला? भिकाजी, काय गावला?" भिकाजीने त्याच्याकडे बघितलं नाही. तो पिंपं मोजत होता.

पंचनामा झाला, मग जबाब. मितेश साहेब कॉम्प्युटरवर टाईप करत होते. होडी कुठल्या बाजूने आली, संशय कशावरून आला, सगळं भिकाजीने जसंच्या तसं सांगितलं.

"धक्क्यावर त्या वेळी कोण होतं?"

"नुरुद्दीन होते, साहेब. होडीचे मालक."

"काय करत होते?"

"होडीची वाट बघत उभे होते."

साहेबांनी तेवढंच टाईप केलं. भिकाजीने वाचलं. चुकीचं काही नव्हतं. त्याने सही केली.

गौसिया चौकीच्या बाजूला वाळूवर ओढून ठेवली. कप्प्याला, इंजिनच्या खोलीला लाखेची सीलं लागली. जप्त मुद्देमालाची राखण भिकाजीकडे आली.

दुसऱ्या दिवशी नुरुद्दीन चौकीवर आला. खुर्चीवर बसायला तयार नव्हता. मितेश साहेबांनी त्याला नीट समजावून सांगितलं, "चाचा, ज्या होडीतून चोरटा माल आला ती होडीही कायद्याने जप्त होते. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं तुम्ही सिद्ध करा, होडी तुम्हाला परत मिळेल. माझ्या हातात नाही ते. वरच्या ऑफिसात सुनावणी होईल."

"मला माहीत नव्हतं, साहेब," नुरुद्दीन म्हणाला. ऑफिसात तो शुद्ध बोलायचा. "माहीत नव्हतं हे कसं दाखवायचं?"



सगळ्यांना वाटलं होतं की दोनचार महिन्यांत सुटेल. नुरुद्दीनने तात्पुरती तरी होडी द्या म्हणून अर्ज केला. पण तोवर देवेशने आपली कातडी वाचवायला वकिलामार्फत उत्तर दिलं होतं की आपण नुसते नोकर, डिझेलचं सगळं मालकाला ठाऊक होतं, त्यानेच पाठवलं. ते उत्तर कागदावर आल्यावर मालकही आरोपी झाला, आणि त्याला होडी देण्याचा प्रश्न मिटला. त्यातून देवेशनेच कोर्टात जाऊन सुनावणीवर स्थगिती आणली. प्रकरण जिथल्या तिथे थांबलं.

होडी मात्र थांबत नव्हती. लाकडी होडी पाण्यात असते तोवर तिच्या फळ्या फुगलेल्या असतात, एकमेकींना घट्ट धरून असतात. वाळूवर उन्हात ठेवली की त्या सुकतात, मध्ये भरलेला कापूस आणि राळ गळून पडते. फाल्गुनाचं ऊन चढलं आणि गौसियाच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी दिसू लागल्या.

रहिमा एका दुपारी बालदी घेऊन आली.

"भिकाजीभाऊ, पाणी घालूक दी माका. लाकूड सुकता."

"भाभी, हात लावूक गावचो नाय तेका. जप्तीतला आसा."

"मी उघडूक खंय मागतंय? भायरसून पाणी घालतंय. होडयेक पाणी घालूकय सरकार नको म्हणता?"

भिकाजीने मितेश साहेबांना विचारलं. साहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मी आता जेवायला चाललोय, बागवे. मला काही दिसलेलं नाही."

मग रोज उन्हं कलली की रहिमा यायची. खाडीतून बालदी भरून आणायची, नाळेपासून मागपर्यंत पाणी मारायची. तिला कष्ट पडतात म्हणून भिकाजी बालद्या भरून द्यायला लागला. नुरुद्दीन लांब धक्क्यावर बसून हे बघायचा, जवळ यायचा नाही.

हे चैत्रापर्यंत चाललं. मग एक दिवस वरच्या ऑफिसातले अधिकारी अचानक तपासणीला आले. होडीखालची वाळू ओली, भोवती बाईमाणसाच्या पावलांचे ठसे, आणि पाणी लागून लागून एका सीलाची लाख भुरभुरलेली. सील तुटलेलं नव्हतं. पण आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणाचं काम?" भिकाजी म्हणाला, "माझं, साहेब." मितेश साहेब बोलायला पुढे झाले होते, पण भिकाजीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसे ते थांबले. पोरगा माणूस, पुढे अख्खी नोकरी पडलेली.

भिकाजीला मेमो मिळाला. जप्त मालाशी छेडछाड होऊ दिली म्हणून.

दुसऱ्या दिवशी रहिमा बालदी घेऊन आली, तेव्हा त्यालाच तिची वाट अडवून उभं राहावं लागलं. काय झालं ते त्याने सांगितलं. तिने बालदी तिथेच वाळूत ओतली आणि परत गेली. त्यानंतर चौकीवर डबा आला नाही. ती रागावली म्हणून नव्हे. चौकीवर काही पाठवलं तर त्याचाही अर्थ काढतील, अशी धास्ती तिला बसली होती. ईदला भिकाजी स्वतः गेला आणि मागच्या पडवीत बसून खाऊन आला.

पावसाळ्याआधी बंदरातल्या होड्या शाकारल्या गेल्या. गौसियासाठी भिकाजीने ताडपत्री मागवली. मागणी मंजुरीला गेली ती तिकडचीच झाली. शेवटी मसुऱ्याला गेला तेव्हा गोठ्याच्या पडवीवरची ताडपत्री काढून घेऊन आला.

तुळसाने फोन केला. "ताडपत्री खंय गेली? गवत भिजता हयसर."

"एक होडी आसा, तिच्यार घातलंय."

"कोणाची होडी?"

नुरुद्दीनची म्हणावी तर तसं नव्हतं, सरकारची म्हणावी तर अजून तसंही नव्हतं. "असांदे गो," तो म्हणाला.

दोन पावसाळे असे गेले. ताडपत्री फाटली. होडीच्या बुडाला वाळवी लागली. मितेश साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी वरच्या ऑफिसला शेवटचं एक पत्र लिहिलं की मुद्देमाल नाश पावतोय, निकाल लवकर व्हावा. नवे साहेब आले, त्यांना गौसियाची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.

स्थगिती उठली आणि सुनावणीची तारीख पडली. भिकाजीला साक्षीला बोलावणं आलं. पहाटेच्या एसटीत तो चढला, तर पुढच्या बाकावर नुरुद्दीन आणि रहिमा बसलेली. तो खात्याचा साक्षीदार, हा आरोपी. भिकाजी मागच्या बाकावर जाऊन बसला. सबंध रस्ता त्याला नुरुद्दीनची टोपी दिसत होती.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम शांत होत्या. त्यांनी नुरुद्दीनला बसायला खुर्ची द्यायला लावली. भिकाजीला वाटलं, बरं झालं. इथे बोलता येईल. त्याने मनात सगळं जुळवून आणलं होतं.

देवेशचा वकील उठला. "बागवे, जबाबात तुम्ही म्हटलंय की मालक धक्क्यावर होडीची वाट बघत उभे होते. बरोबर?"

"बरोबर. पण ते रोजच..."

"त्या दिवशी उभे होते की नव्हते?"

"होते."

"वाट बघत होते?"

"होय."

"पुढे बोला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही काही सांगत होतात."

भिकाजी त्यांच्याकडे वळला. "मॅडम, ते रोज उभे असतात तिथे. होडी भाड्याने दिली तेव्हापासून रोज. गुडघ्यांमुळे त्यांना समुद्रात जाता येत नाही, म्हणून येऊन बघत उभे राहतात. त्या दिवशी म्हणून काही वेगळे आले नव्हते."

"हे जबाबात का आलं नाही?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही, मॅडम. मला सुचलंही नाही. बंदरात सगळ्यांनाच ठाऊक आहे ते."

वकील पुन्हा उठला. त्याचा आवाज आता गोड झाला होता. "मालकांशी तुमची ओळख जुनी दिसते."

"होय."

"त्यांच्या घरी जेवायला जाता?"

भिकाजीने क्षणभर रहिमाकडे बघितलं. ती दाराशी बाकावर बसली होती. "जातो," तो म्हणाला.

"आणि याच होडीला मालकाच्या बायकोला हात लावू दिलात म्हणून तुम्हाला मेमो मिळाला होता. बरोबर ना?"

"पाणी घालायला दिलं होतं. लाकूड..."

"मेमो मिळाला होता की नाही?"

"मिळाला."

वकील खाली बसला. नुरुद्दीनने लावलेला वकील नवखा होता, त्याने एकदोन प्रश्न विचारले आणि कागद चाळत राहिला. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. भिकाजीने काय सांगितलं तेही लिहिलं आणि तो त्या घरी जेवतो हेही लिहिलं. दोन्ही खरंच होतं. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आत जे बोलायचं म्हणून तो आला होता, ते सगळं तो बोलून चुकला होता, आणि त्यातलं काहीच आता कामाला येणार नव्हतं.

परतीच्या एसटीत नुरुद्दीनने हाक मारली. "भिकाजी, हयसर ये. खिडकेकडे बस, तुका गाडी लागता."

रहिमा पुढे एका बाईशेजारी जाऊन बसली. भिकाजी खिडकीशी बसला. बराच रस्ता गेल्यावर तो म्हणाला, "नुरुद्दीनभाय, ता वाक्य माझा."

"कोणचा?"

"तुमी धक्क्यार उभे होतात, ता."

"मगे? मी उभो होतंय मां. तू खोटा खंय सांगलंस?" नुरुद्दीन म्हणाला. एसटी एका घाटीत वळत होती. वळण सरल्यावर तो म्हणाला, "खोटा सांगलं असतंस तर तुझ्याशी भांडूक तरी इला असता माका."

भिकाजीने खिडकीची काच वर केली. त्याला खरंच गाडी लागायला लागली होती.

निकाल आला तो पावसाळ्यानंतर. मॅडमनी देवेशला मोठा दंड केला होता. मालकाबद्दल लिहिलं होतं की त्यांचा थेट सहभाग दिसत नाही, म्हणून त्यांना दंड नाही. परंतु माल उतरण्याच्या वेळी ते धक्क्यावर हजर होते, होडीची वाट बघत होते, आणि याविरुद्ध सांगणारा साक्षीदार त्यांच्या घरोब्यातला आहे. त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं असं मानता येत नाही. होडी सरकारजमा.

अपिलात जाता येतं, असं नव्या साहेबांनी नुरुद्दीनला सांगितलं. नुरुद्दीनने विचारलं, "तोवर होडी कुठे राहील?" साहेब म्हणाले, "इथेच." नुरुद्दीन वाळूवरच्या गौसियाकडे बघून आला. एव्हाना तिचं बूड एका बाजूने बसलं होतं, आणि आतून कुत्रे ये-जा करायचे. "नको, साहेब," तो म्हणाला. "आता परत मिळाली तरी मी ती कुठे ठेवू?"

लिलावाला मोजकी माणसं आली. इंजिन एकाने घेतलं. राहिलेलं लाकूड काजूच्या कारखान्याच्या भट्टीसाठी गेलं. सीलं काढायचं काम भिकाजीचं. लाख बोट लावताच गळून पडली. मासे ठेवायचा कप्पा उघडला, तर आत अजून डिझेलचा वास होता. मग कुऱ्हाडी आणलेल्या माणसांनी कामाला सुरुवात केली. नाळेकडचं लाकूड अजून पक्कं होतं, तिथे त्यांना जोर लावावा लागला. एकजण म्हणाला, "बांधणाऱ्यान बरी बांधल्यान होती." भिकाजी राखणीला नेमलेला, म्हणून शेवटची फळी टेम्पोत चढेपर्यंत तो उन्हात उभा राहिला. नुरुद्दीनचं घर त्या दिवशी बंद होतं. आदल्या दिवशीच दोघं लेकीकडे गेली होती.

गेली ती परत आली नाहीत. काही महिन्यांनी जावई येऊन भांडीकुंडी घेऊन गेला.

भिकाजी पुढच्या वर्षी निवृत्त झाला. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, चार शब्द बोलले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी असे सतर्क हवालदार हवेत, असं म्हणाले आणि उदाहरण दिलं ते पक्ष्यांवरून ओळखलेल्या त्या होडीचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळसाही आली होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि टाळ्या वाजवायच्या थांबवल्या.

मसुऱ्याला येऊन बसल्यावर भिकाजीचा दिवस सरेना. काजूच्या बागेत जायचा, झाडाखाली उभा राहून लांब बघायचा. तिथून समुद्र दिसत नाही. एकदा सडेबंदरात ओळखीच्यांच्या कार्याला गेला होता, तेव्हा धक्क्यावर त्याला देवेश भेटला. दंड भरून मोकळा झाला होता. भावाच्या नावावर फायबरच्या दोन नव्या होड्या घेतल्या होत्या, तेलपाणी भरायला या बंदराला लागला होता. त्यानेच लांबून हात वर केला. "काय हवालदार, बरे आसास मां?" भिकाजीने चौकीकडे बघितलं. पायरीवर नवा शिपाई मोबाईल बघत बसला होता. आता सांगण्यासारखं तरी काय होतं? कागद सगळे पुरे असणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो बांद्याला गेला. पिशवीत सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेतली होती. जावयाचं हमरस्त्याकडच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं. नुरुद्दीन दुकानाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. समोरून गोव्याकडे जाणारे ट्रक धडधडत होते. भिकाजीला बघून तो उठायला गेला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

रहिमाने चहा केला. नाझनीनने बिस्किटं आणून ठेवली. बंदरातल्या माणसांच्या गोष्टी निघाल्या. कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, यंदा बांगडा लागला की नाही. नुरुद्दीन सगळं बारकाईने विचारत होता. गौसियाचं नाव त्याने काढलं नाही. भिकाजीनेही काढलं नाही.

बोलणं सरलं. एक लांबलचक ट्रक दारावरून गेला.

"तो देवेश," नुरुद्दीन म्हणाला. "तेचा काय झाला रे मगे?"

भिकाजीच्या हातात कप होता. सबंध नोकरीत त्याने, जे डोळ्यांनी दिसलं ते, कुणी विचारलं तेव्हा जसंच्या तसं सांगितलं होतं. त्याने कप बशीत ठेवला.

"माका ठाव नाय, नुरुद्दीनभाय. आता आमका कोण सांगता?"

"जेलात असतलो," आतून रहिमा म्हणाली. ती सुंगटं सुपात घेऊन निवडत बसली होती. "असल्या माणसाक सोडतीत काय?"

नुरुद्दीनने भिकाजीकडे बघितलं.

"असतलो," भिकाजी म्हणाला, आणि मसुऱ्याकडची गाडी चुकेल म्हणून उठला.